विहाराच्या डेगी आणि मी

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. नेमका किती जुना ते विचारू नका, सांगितलं तर हसाल. माझं एक बिजागर ढिलं आहे, स्पेसबार दोनदा दाबावा लागतो आणि बॅटरी म्हणाल तर ती नावापुरतीच. वायर निघाली की माझा कारभार आटोपला. पण मी अजून कामावर आहे, आणि परवाच्या रविवारी जे पाहिलं त्यानंतर भंगारात जाण्याचा विचारसुद्धा मला सोसवत नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काहीही आठवत नाही, खोटं कशाला सांगू? डोळे उघडले ते पुण्याच्या एका कंपनीत. तिथे माझी मोठी बडदास्त होती. एसीची हवा, पुसायला मऊ फडकं, आणि काम काय, तर दिवसभर रकाने भरायचे. मग एक दिवस माझ्यापेक्षा सडपातळ लॅपटॉप आला आणि साहेबांनी माझी वायर माझ्याच अंगाला गुंडाळून मला कपाटात टाकलं. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! त्या कपाटात मी किती काळ पडलो होतो देव जाणे. पुढे जुन्या सामानाच्या ढिगातून मी नगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे आलो आणि काचेच्या कपाटात इतरांच्या शेजारी बसलो.

तिथे भीमराज आला. जामखेडजवळच्या खर्डा गावचा भीमराज. छोटा टेम्पो चालवतो. कधी दुधाचे कॅन, कधी सिमेंट, कधी मांडवाचे बांबू. बरोबर त्याची मुलगी वृषाली होती, नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. भीमराजानं मला उचललं आणि मडकं वाजवून बघावं तसं माझ्या पाठीवर बोटानं वाजवलं.

"टिकंल का गं हे?" त्यानं विचारलं.

"टिकंल अप्पा. म्हातारा हाय, पन हाडानं चांगला हाय," वृषाली म्हणाली.

म्हातारा! मला रागच आला. पण तिनं मला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि टेम्पोतून खर्ड्यापर्यंत तसंच नेलं, तेव्हा तो राग कुठच्या कुठे गेला.

कॉलेज संपल्यावर वृषाली घरी परतली आणि वेबची पानं बनवायला शिकू लागली. मित्रांनो, मोबाईलवर तुम्ही एखादं पान उघडता, त्यातला जो भाग डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो, त्याला फ्रंट-एंड म्हणतात. बटण, रंग, सरकणारी यादी, सगळं त्यातच आलं. बहुतेक जण त्यासाठी जावास्क्रिप्ट नावाची भाषा शिकतात. तीही शिकली. पण त्या भाषेचा स्वभाव मोठा गोडबोल्या. तुम्ही चूक केली तरी ती "असू दे, असू दे" म्हणते आणि नेमकं चार माणसांपुढे तोंडघशी पाडते. वृषालीला दोनतीनदा तसा अनुभव आला. मग तिनं रस्ट नावाची भाषा धरली. रस्टमध्ये आधी तपासणी होते, मग पान उघडतं.

ही तपासणी करणारा जो असतो त्याला कंपायलर म्हणतात. तो माझ्या पोटात राहायला आला आणि माझे सुखाचे दिवस संपले. इतका खडूस गृहस्थ मी जन्मात पाहिला नाही. वृषालीनं चार ओळी लिहिल्या की हा त्या चष्म्यातून बघितल्यासारख्या तपासायचा, आणि तपासायला मलाच राबवायचा. माझा पंखा असा घोंगावायचा, की पहिल्या दिवशी भागिरथीआत्या चुलीपासून उठून आल्या.

"अगं, दळन कुनी लावलं?" त्यांनी विचारलं.

"दळन न्हाई आत्या, लॅपटॉप हाय. पान बनवतोय."

"एका पानाला येवढं कन्हायचं?" आत्या म्हणाल्या. भागिरथीआत्या म्हणजे भीमराजाची थोरली बहीण आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाची प्रमुख. त्यांच्यापुढे वस्तीत कुणाची बोलायची टाप नाही. मी तरी काय बोलणार?

पण ते पहिलं पान उघडलं ना, तेव्हा माझा सगळा शीण गेला. नुसतं एक बटण होतं. दाबलं की आकडा एकानं वाढायचा. वृषालीनं ते आत्यांना दाबायला दिलं. आत्यांनी आधी पदराला बोट पुसलं, मग दाबलं, मग पुन्हा दाबलं, आणि बराच वेळ दाबतच राहिल्या.

आता कंपायलरचा मुख्य नियम सांगतो. तो कळल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच मालक असतो. एकाला दिली की दिली, ती तुमच्याकडे उरत नाही. उसनी देता येते. नुसती बघायला कितीही जणांना द्या, पण तिच्यात बदल करायला एका वेळी एकालाच. वृषाली हे विसरायची. मग कंपायलर लाल अक्षरांत सुनवायचा, "ही वस्तू तू या ओळीत दुसऱ्याला दिलीस. आता ती तुझ्याकडे नाही. मग इथे पुन्हा कशी वापरतेस?" वर ती ओळ दाखवायचा, खाली बाणासारख्या खुणा करायचा.

वृषाली वैतागायची. "सारखं आपलं न्हाई, न्हाई, न्हाई! ह्याला दुसरं काही येतंच न्हाई," ती म्हणायची. लाल अक्षरं दिसली की ती पहिली ओळ वाचायची आणि कपाळाला हात लावायची. पुढच्या ओळी ती कधी वाचायचीच नाही.

याच दिवसांत भांड्यांच्या पानाची कल्पना निघाली. खर्ड्याच्या विहारात वस्तीची सामाईक भांडी असतात. दोन मोठ्या डेगी, पातेली, पराती, झारे, वाढायची वगराळी. लग्न असो, नामकरण असो की मयतानंतरचा जलदान विधी असो, ज्याच्या घरी कार्य त्यानं ती न्यायची, घासूनपुसून परत आणायची. किल्ली भीमराजाकडे. आणि वस्तीचा एक रिवाज आहे, तोही सांगतो. कार्याला भांडी मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. दाराशी आलेल्याला कुणी "बघू" असंसुद्धा म्हणत नाही. भीमराज सगळ्या तारखा डोक्यात ठेवायचा, आणि एवढ्या वर्षांत त्याचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता. लोक म्हणायचे, भीमराजानं हो म्हटलं म्हणजे चुलीवर डेग चढलीच.

"अप्पा, तुमचं डोकं मी मोकळं करते," वृषाली म्हणाली आणि कामाला लागली.

पानाचे दोन भाग होते. वरच्या भागात नोंद घालायची. कुणाला, कोणत्या तारखेला, कोणतं भांडं. खालच्या भागात दिसायचं, कोणतं भांडं कधी मोकळं आहे. मोकळं असलं की हिरवं, दिलेलं असलं की लाल. दोन्ही भागांना तीच माहिती हवी होती. वृषालीनं ती वरच्या भागाला दिली, मग खालच्याला द्यायला गेली, आणि कंपायलरनं तंगडी आडवी घातली. "आधीच दिली आहेस."

तेव्हा त्यानंच खाली बारीक अक्षरांत एक तोडगा सुचवला. हवं तर हुबेहूब नक्कल करून दे. वृषालीनं तेवढं बरोबर वाचलं! तिला तो तोडगा फार पसंत पडला, आणि मला कारण ठाऊक आहे. ती वस्तीतली पोर. मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. जो भाग मागेल त्याला तिनं एकेक नक्कल दिली. कुणाला नाही म्हटलं नाही. कंपायलर गप्प झाला, आणि खरं सांगतो, माझा पंखा थंडावल्यामुळे मीही बरं झालं म्हणालो.

पान सुरेख झालं. विहारात सगळ्यांना दाखवलं. लोक कौतुकानं माझ्याभोवती जमले. भीमराजानं मोबाईलवर ते पान उघडून ठेवलं ते ठेवलंच. तो पान कधी बंद करायचाच नाही. "वृषालीनं बनवलंय," ज्याला त्याला दाखवायचा. आणि त्या दिवसापासून त्यानं तारखा डोक्यात ठेवायचं सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात वस्तीतल्या दीपाकाकू पत्रिका घेऊन आल्या. त्यांच्या लेकीचं, पंकजाचं लग्न रविवारी होतं. भीमराज टेम्पोखाली आडवा होऊन काहीतरी दुरुस्त करत होता. त्यानं खालूनच मोबाईल वर दिला. "पोरी, तेवढी नोंद घाल," तो म्हणाला. वृषालीनं घातली. दोन्ही डेगी, रविवार, दीपाकाकू.

मंगळवारी रंभाजीबाबांची बायको वारली. वस्तीतली सगळी पोरं तिला काकीच म्हणायची. बुधवारी त्यांचा मुलगा प्रवीण भीमराजाकडे आला. जलदान विधी रविवारी ठरला होता. वृषाली त्या दिवशी जामखेडला गेली होती. भीमराजानं पान बघितलं. डेगी हिरव्या. पंकजाचं लग्न त्याच दिवशी आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला वाटलं, दीपानं नोंद बारक्या भांड्यांचीच घातली असेल, डेगी केटररच्या येतील. त्यानं प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू भांड्याचा घोर करू नकोस. डेगी तुझ्या."

आणि शुक्रवारी दुपारी प्रवीण आणि दीपाकाकू दोघेही एकाच वेळी भीमराजाच्या अंगणात आले. प्रवीण डेगी कधी न्यायच्या ते विचारायला आला होता. त्याच्या मागोमाग दीपाकाकू आल्या.

"जय भीम भाऊजी," दीपाकाकू म्हणाल्या. "रविवारी डेगी घ्यायला मान्सं कधी धाडू?"

भीमराजानं चहाचा कप खाली ठेवला. प्रवीणनं काकूंकडे बघितलं, काकूंनी प्रवीणकडे.

"कोनत्या डेगी?" भीमराजानं विचारलं.

"ह्या काय ईचारनं झालं? विहाराच्या. पोरीनं नोंद घातली की तुमच्या मोबाईलवर."

भीमराजानं मोबाईल काढला. हिरव्या. वृषाली घरातून धावत आली, मला उघडलं, पान सुरू केलं. माझ्यावर लाल! मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला असता, पण मला कातडी कुठली. एकच पान, माझ्यावर लाल आणि मोबाईलवर हिरवं.

"राहू द्या काका," प्रवीण हळू आवाजात म्हणाला. "आमी जामखेडला बघतो कुठं मिळतात का."

"न्हाई न्हाई, तुमच्या घरी दुख हाय, तुमीच न्या," दीपाकाकू म्हणाल्या.  पण त्यांच्याकडे परवा लग्न, शेकडो पाहुणे. जामखेडची भांडी लग्नसराईत कधीच संपतात हे दोघांनाही माहीत होतं. ते निघून गेले, आणि अंगणात भीमराज आणि वृषाली उरली.

भीमराज ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. ओट्यावर जाऊन बसला.

"मयताच्या घरी शब्द दिला गं मी," एवढंच तो म्हणाला.

वृषाली रडली. तोंड धुतलं आणि मला घेऊन बसली. आधी तिला चूकच सापडेना. मग एकदम तिच्या लक्षात आलं. वर आणि खाली दोन वेगळ्या नकला! वर नोंद घातली की वरची नक्कल बदलायची. खालची आपली जुनंच धरून बसायची. माझ्यावर ती दर बदलानंतर पान नव्यानं उघडायची, तेव्हा दोन्ही भाग साठवलेली ताजी माहिती घ्यायचे आणि सगळं ठीक दिसायचं. अप्पांचा मोबाईल मात्र पान कधी बंदच करत नव्हता.

"विहारात डेगी दोन हायेत, आन् मी पानात चार करून ठेवल्या," ती म्हणाली. "अप्पा, मी ह्या नकला सगळ्या काढून टाकते."

काढल्या. आणि काय सांगू, कंपायलर इतके दिवसांचं साठवून ठेवलेलं बोलला! लाल अक्षरांनी माझा पडदा भरला. मी राबत होतो, तापत होतो, आणि अचानक मला भोवळ आली. पडदा काळा. तिनं पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा कोसळलो. या वेळी मला खरंच वाटलं, झालं, आपला खेळ संपला, आणि तोही नेमका पोरीच्या गरजेच्या वेळी.

भीमराज उठून आला. त्यानं माझ्या पाठीला हात लावला.

"हे तर इंजिनासारखं तापलंय. आतनं कधी साफ केलं हुतंस?"

"कधीच न्हाई," वृषाली म्हणाली.

त्यानं टेम्पोच्या पेटीतून बारका पेचकस आणि रंगाचा नवा ब्रश आणला. माझी पाठ उघडली. अरारा! पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला होता, पुण्याची धूळ खाली आणि खर्ड्याची वर. वृषालीनं पंखा बोटानं धरला आणि भीमराजानं ब्रशानं एकेक पातं झाडलं, फुंकर मारली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण डोकी जवळ होती. पाठ लावून त्यांनी मला सुरू केलं आणि मी जो श्वास घेतला, तसा कपाटातून बाहेर आल्यावरही घेतला नव्हता.

आता वृषाली घाई न करता वाचू लागली. शेवटी एकच लाल संदेश उरला. तिनं माहितीची एकच खरी प्रत ठेवली होती आणि तीच दोन्ही भागांना बदल करायला उसनी दिली होती. या वेळी तिनं तो संदेश पहिल्या ओळीवर सोडला नाही. मोठ्यानं मराठीत सांगत सांगत शेवटपर्यंत वाचला.

"'एका वेळी एकापेक्षा जास्त जणांना बदल करायला देता येत नाही. पहिल्याला इथे दिलं. दुसऱ्याला इथे दिलं. आणि पहिल्याचं काम अजून इथे बाकी आहे.'"

तिनं तो पुन्हा वाचला.

"अप्पा, हा 'न्हाई' म्हनतच न्हाई! हा म्हनतोय, एका वेळी न्हाई. पहिल्याचं काम संपलं की दुसऱ्याला खुशाल द्या, ह्याची काही हरकत न्हाई." मग ती ताडकन उठली. माझी वायर तिच्या पायात अडकली, मी पडता पडता वाचलो. "अप्पा, प्रवीणदादांचा विधी किती वाजता हाय? आन् लग्न किती वाजता?"

भीमराज मोबाईलवर नोंद शोधू लागला. पानात तारीख होती, वेळ नव्हतीच. भांडं दिलं म्हणजे दिवसभरासाठी दिलं, असंच वस्तीत चालत आलं होतं. आणि त्या दुपारी अंगणात प्रत्येक जण दुसऱ्याला "तुमीच न्या" म्हणण्यात इतका गुंतला होता, की वेळ कुणी विचारलीच नाही.

त्याच संध्याकाळी भागिरथीआत्यांनी सगळ्यांना विहारात बोलावलं. मलाही नेलं आणि खिडकीपाशी प्लगला लावलं. रंभाजीबाबा भिंतीला टेकून बसले होते, शेजारी प्रवीण. समोर दीपाकाकू आणि त्यांचा भाऊ सूर्यभान. वृषाली उभी राहिली. 

"चूक माझी हाय, अप्पांची न्हाई," ती म्हणाली. "पानानं खोटं दाखवलं. ते आता दुरुस्त केलंय, आन् तारखेशेजारी वेळेचा रकाना बी घातलाय. पन मला एक ईचारायचंय. बाबा, विधीची जेवनं कधी आटपतील?"

"सकाळी वंदना, मंग जेवनं. एक वाजंपतुर रिकामं हुईल," प्रवीण म्हणाला.

"आन् काकू, तुमच्याकडं डेगी चुलीवर कधी चढनार?"

"लग्न सांजच्याला हाय," दीपाकाकू म्हणाल्या. "चार वाजता लागतील."

 भीमराजानं मांडीवर थाप मारली.

"दोघांस्नी बी मिळत्यात की!" तो म्हणाला. "विधी आटपला की हितं नळावर घासायच्या आन् मांडवात न्यायच्या. टेम्पो माझा."

पण सूर्यभान चुळबुळत होता. "ते समदं खरं," तो पुटपुटला. "पन दुखवट्यातनं उठवून तीच डेग लग्नाच्या मांडवात? लोक काय म्हनतील?"

रंभाजीबाबांनी मान खाली घातली. मला तर एवढं जुळलेलं सगळं आता एका वाक्यानं मोडणार असं वाटलं.

भागिरथीआत्या कडाडल्या. "सूर्यभान! आपल्या आज्यानं धम्म घेतला तवाच पंचांग घरातनं भाईर काढून टाकलं, आन् तू ते डोक्यात घालून हिंडतुयास व्हय? घासलं की भांडं भांडंच असतं. त्याला कशाचं सुतक आन् कशाचं काय!"

 पण सगळे बघत होते ते दीपाकाकूंकडे. लग्न त्यांच्या लेकीचं होतं. त्या उठल्या आणि रंभाजीबाबांच्या समोर जाऊन बसल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "काकी पंकजाच्या लग्नात पुऱ्या तळायला येनार हुत्या. माझ्या हातावर हात मारून गेल्त्या. आता त्या न्हाई येनार. त्यांच्या घरनं डेग तरी येऊ द्या माझ्या मांडवात."

बाबांनी तोंडावर उपरणं धरून मानेनंच होकार दिला. प्रवीण दुसरीकडे बघू लागला. वृषालीनं माझ्यावर नोंद घातली. सकाळपासून रंभाजीबाबा, दुपारनंतर दीपाकाकू. वरच्या भागात ती उमटली आणि खालच्या भागात त्याच क्षणी उमटली. भीमराजानं आपल्या मोबाईलवर पान बंद करून नव्यानं उघडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे. दोन्हीकडे तेच. मग त्यानं वृषालीच्या डोक्यावर टपली मारली. त्या टपलीनं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच कौतुकानं वाटलं नाही.

रविवारी मी विहाराच्या खिडकीत होतो. सकाळी लांबून वंदनेचा आवाज येत होता. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. लॅपटॉपला दुसरं करता काय येतं? ठरल्या वेळी टेम्पो आला आणि नळापाशी थांबला. बायकांनी डेगी उतरवल्या, घासल्या, लखलखीत केल्या. पांढऱ्या कपड्यांतले रंभाजीबाबा डेगींवर बादलीनं पाणी ओतत होते. कुणी नको म्हटलं तरी ऐकेनात.

डेगी पुन्हा टेम्पोत चढल्या. बाबा खिडकीपाशी आले.

"पोरी, आता डेगी कुनाच्या म्हनायच्या?" त्यांनी विचारलं.

वृषालीनं माझ्यावर बघून सांगितलं, "आता दीपाकाकूंच्या, बाबा."

बाबांनी मान हलवली. मग धोतर सावरून ते टेम्पोत चढले आणि डेगीचा काठ धरून बसले.

"बाबा, तुमी कुठं?" भीमराजानं विचारलं.

"मांडवात," बाबा म्हणाले. "तिच्यावानी पुऱ्या तळायला मला न्हाई जमायचं. वाढायला जमंल."

टेम्पो गेला आणि मी सुटकेचा असा निःश्वास टाकला, की वृषालीनं चमकून माझ्या पंख्याकडे बघितलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं लहानसं आहे. आम्हा जुन्या यंत्रांची पाठ अधूनमधून उघडा आणि आतली धूळ झाडा. एका ब्रशाचं काम आहे, पण त्यावाचून आम्ही ऐन वेळी दगा देतो आणि बोल आम्हालाच लागतो. आणि तुमच्या कामात कुणी अडवलं तर त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. वृषालीनं ते ऐकलं म्हणून त्या संध्याकाळी पंकजाच्या लग्नात पहिली पंगत रंभाजीबाबांनी वाढली.